नोआ

यंदाच्या माघात ठाण्याहून कन्येचा फोन आला. मुलाचे नाव ठरले होते : नोआ. मूल जन्मास यावयास अद्याप दोन महिने होते. १९९४ च्या कायद्यामुळे मुलगा की मुलगी हे आधी कळत नाही, आणि ते न कळणेच बरे. म्हणून दोहोंस शोभेल असे नाव तिने निवडले होते. आमच्या सौभाग्यवतींनी तत्काळ किरण, शशी, सुमन अशी नावे पुढे केली. आपल्या भाषेत अशा नावांचा तोटा नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते.

जावई बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज अलिबागेकडचे. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांस 'शनिवार तेली' म्हटले. या मंडळींनी बायबलातील नावांना पिढ्यान्‌पिढ्या मराठी अंगरखा घातला. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे घरच्या भाषेत समाजी हसाजी दिवेकर. तेव्हा नाव परके म्हणण्यास आम्हांस जागा नव्हती. शिवाय अर्ध्या इंग्रजी, अर्ध्या फारसी नावाच्या फ्रीगंजात जन्म काढलेल्या माणसाने नावाच्या शुद्धतेविषयी बोलावे तरी काय!

तरीही चाळा लागला. जावयांकडून मराठी बायबल मागवले आणि लक्षात आले की, हे एक नाव नसून दोन आहेत. जलप्रलयातला तो नोहा. त्याचा अर्थ विसावा. नोआ ही निराळी, सलाफहादाची कन्या. तिच्या नावाचा अर्थ हालचाल, चलन. हिब्रूत दोघांचे शेवटचे अक्षर वेगळे. इंग्रजी वळणाने नोहाचा उच्चार 'नोआ' होतो आणि आपल्या कानाला दोन्ही एकच वाटतात.

या नोआची हकीकत 'गणना' या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. सलाफहाद रानात वारला. त्याला पुत्र नव्हता, पाच मुली होत्या. त्या पाचही जणी मोशेपुढे, साऱ्या सरदारांदेखत उभ्या राहिल्या. पुत्र नाही एवढ्यावरून बापाचे नाव कुळातून का पुसावे, आम्हांस वतन द्या, असे त्यांचे मागणे. मोशेने ते देवापुढे मांडले आणि निवाडा मुलींच्या बाजूने झाला. छत्तिसाव्या अध्यायात मात्र अट आली : विवाह बापाच्याच वंशात करावा, म्हणजे जमीन बाहेर जाणार नाही. ती अट वाचून आम्ही पुस्तक मिटले.

आम्हांसही पुत्र नाही. पणजोबा शिंदेशाहीच्या चाकरीत माळव्यात आले. आजोबांनी बांधलेले घर टॉवरपासून हाकेच्या अंतरावर आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला, हे आम्हांस ठाऊक होते. तरी दारावरची आडनावाची पाटी टिकावी म्हणून घरातला आमचा वाटा पुतण्याच्या नावे करणारे मृत्युपत्र वकिलांकडे पडून होते. कन्येस आम्ही ते सांगितले नव्हते. कानावर गेले होते काय? विचारण्याचे धैर्य झाले नाही.

चैत्रात मुलगा झाला. आठव्या दिवशी त्यांच्या रीतीने सुंता व नामकरण झाले; बाराव्या दिवशी आम्ही पाळणा बांधला. सौभाग्यवतींनी त्याच दिवशी 'नोबा' करून टाकले. खंडोबा, विठोबा, तसा हा नोबा. जावई मनापासून हसले.

रात्री आम्ही त्यांस हिब्रू अक्षरे लिहून दाखविण्यास सांगितले. त्यांनी वहीवर दोन्ही नावे लिहिली आणि मुलगा म्हणून अर्थातच पहिले, असे म्हटले. कन्या मुलास थोपटीत बसली होती. तिने वही जवळ ओढली आणि दुसऱ्यावर बोट ठेवले. आमच्याकडे तिने पाहिले नाही.

उज्जैनीस परतल्यावर वकिलांकडून तो कागद आम्ही मागवून घेतला. सध्या तो देवघराच्या खणात आहे. पुतण्याशी बोलणे अजून व्हावयाचे आहे.