बदलापूर-अंबरनाथच्या रानांतील शाळा

कल्याणाहून कर्जताकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकींतून उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन गांवें आतां एकाच सलग नगरासारखीं दिसतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं लष्कराच्या बराकींत संसार थाटले. त्या छावणीस १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. अंबरनाथास शिलाहारांचें प्राचीन शिवालय आहे. बदलापुराजवळून उल्हास नदी वाहते. प्रवासी एवढें पाहून पुढें जातो. परंतु अंबरनाथाहून मलंगगडाच्या बाजूस, किंवा बदलापुराहून बारवी धरणाच्या वाटेनें आंत शिरलें, कीं ठाकूर व कातकरी लोकांच्या वाड्या लागतात. तेथील शाळा कशी पाहावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

शाळा कशी असावी, हें कायद्यानें सांगितलेंच आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत, दर शिक्षकामागें निदान एक खोली, मुलगे व मुली यांस स्वतंत्र शौचकूप, पिण्याचें शुद्ध पाणी, क्रीडांगण व कुंपण हवें. तपासनीस मार्गशीर्षांतल्या दुपारीं गेला, तर या यादीपुढें खुणा करणें सोपें. पण छप्पर गळतें कीं नाहीं, हें कोरड्या दिवशीं कळत नाहीं. ओढ्यास पूर आला म्हणजे पलीकडच्या वाडीचीं मुलें कशीं येतात, हें ओढा आटल्यावर दिसत नाहीं. आणि शौचकूपांत पाणी असतें काय, हें पाहण्यास चैत्रच गांठला पाहिजे.

याहून मोठी उणीव भिंतींत दिसतच नाहीं. खैरापासून कात काढणें हा कातकऱ्यांचा मूळचा धंदा. नांवही त्यावरूनच पडलें. रानावर निर्बंध आले आणि तो धंदा गेला. आतां दिवाळी सरली कीं अनेक कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. मूलही बरोबर जातें. पटावर त्याचें नांव राहतें, वर्गांत तें नसतें. ज्या विटांनीं आमच्या मुलांच्या शाळा उभ्या राहतात, त्या थापणाराच्या मुलास मात्र शाळा नसावी, हें आम्हां सुशिक्षितांस भूषणावह नाहीं.

ही अडचण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं पूर्वींच ओळखली होती. १९४५ सालीं बोर्डी येथें त्यांनीं कार्य आरंभिलें. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा काढली. यावरून इमारत कशीही चालेल, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. गळक्या छपराखालीं मूल टिकत नाहीं, आणि मूलच नसेल तर नवें छप्पर व्यर्थ होय. आईबाप कामास गेल्यावर मुलांस गांवींच जेवण व निवारा देणारीं हंगामी वसतिगृहें याचसाठीं योजिलेलीं आहेत.

शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असें हाच कायदा म्हणतो. वाडीवरील माउलीच खरी तपासनीस होय. तिची मजुरी न बुडतां, तिन्हीसांजेस, तिला समजेल अशा बोलींत सभा भरवावी. आणि बाहेरून तपासणीस जाणारानें निदान दोनदां जावें: आषाढांत छप्पर पाहावें, माघांत हजेरीपट उघडून मुलें मोजावीं. या दोन दिवशीं जें दिसेल, तीच त्या शाळेची खरी स्थिति.