तहानलेली लादी

घराचें छप्पर गळूं लागलें म्हणजे सर्वांच्या नजरा वर जातात. परंतु पायांखालील जमिनीची आठवण, कोणी घसरून पडल्यावांचून, सहसा कोणास होत नाहीं. आमच्या घरीं असेंच झालें. कोंकणांतील आमच्या पडवीस चकचकीत, झिलईची फरशी होती. एका पावसाळ्यांत आमच्या मातोश्री ओल्या पायांनीं येतांना तिजवर घसरल्या व त्यांचें मनगट मोडलें. हात बरा झाला, पण धीर खचला. दुपारीं पडवींत बसून शेजारणींशीं बोलण्याची त्यांची संवय सुटली. तेव्हां पुढील वैशाखांत ती फरशी काढून भाजलेल्या मातीची, बिनझिलईची तांबडी लादी बसविण्याचें आम्हीं ठरविलें.

ही भाजकी माती आपल्या किनाऱ्यास नवी नाहीं. मंगळूरच्या जेप्पू भागांत बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनीं १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला, आणि मंगळुरी कौलें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोंचलीं. कौल असो वा लादी, तिचा तांबडेपणा मातींतील लोहाचा. भट्टींत तो खुलतो. झिलई नसल्यामुळें लादीचें अंग किंचित् खरखरीत व सच्छिद्र राहतें. त्यामुळें पायास पकड मिळते. आणि त्यामुळेंच तेल, हळद, चहा, जें सांडेल तें ती पिऊन टाकते.

मेस्त्री आले ते प्रथम सर्व गठ्ठे सोडून लाद्या एकमेकींत मिसळूं लागले. कारण भट्टीगणिक रंगाची छटा बदलते. वाळतांना व भाजतांना माती आटते, म्हणून दोन लाद्या तंतोतंत सारख्या नसतात. हा फरक सामावण्यासाठीं त्यांनीं अर्ध्या बोटाएवढी दरज ठेवली. मग लाद्या पाण्यांत बुडविल्या. “काकी, ही तहानलेली असते. आधीं पाणी पाजलें नाहीं तर मालांतलें पाणी शोषून घेईल आणि माल धरणार नाहीं,” असें त्यांनीं मातोश्रींस सांगितलें. पाणसळ लावून अंगणाकडे किंचित् उतार दिला. कडेच्या लाद्या यंत्राच्या पात्यावर पाणी सोडीत कापल्या. नाकातोंडास फडकें होतेंच, कारण ही बारीक धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. कापलेली कड दगडावर घासून भिंतीकडे ठेविली.

खरी परीक्षा पुढेंच होती. दरजा भरण्यापूर्वीं लादीस तेलाचा एक हात द्यावा लागतो. नाहींतर सिमेंटचे पांढुरके डाग तींत मुरतात. इतक्यांत वळवाची सर येऊन पडवी भिजली. मृग जवळ आला होता. दोन दिवस ऊन पडतांच “आतां कोरडी दिसते, लावा तेल,” असा घरांतील मंडळींनीं धोशा लावला. मेस्त्री ऐकेनात. त्यांनीं रात्रीं प्लॅस्टिकचा तुकडा लादीवर चारी बाजूंनीं चिकटविला. सकाळीं त्याखालीं पाण्याचे बारीक थेंब जमले होते! “ही ओल आंत कोंडली तर लोणा फुटेल,” ते म्हणाले. मंडळी तरीहि कुरकुरत होती. तेव्हां मातोश्रीच म्हणाल्या, “माझ्या हाताचें प्लॅस्टर डॉक्टरांनीं घाईनें काढलें असतें तर? मेस्त्री म्हणतात तोंवर थांबा.”

सहाव्या दिवशीं प्लॅस्टिक कोरडें निघालें. मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला व न मुरलेलें तेल लगेच पुसून घेतलें. तें वर राहिल्यास लादी चिकट होते. दरजा भरून वाळल्यावर पुन्हां दोन हात दिले. तेलाच्या चिंध्या मेस्त्रींनीं अंगणांत पसरून वाळविल्या; त्यांचा ढीग केल्यास तो आपोआप तापून पेटूं शकतो.

मृगाचा पाऊस लागला, आणि मातोश्री पुनः पडवींत बसूं लागल्या. आरंभीं त्या भिंतीचा आधार घेत. आषाढांत तोहि सुटला.

विद्यार्थिमित्रहो, कोणतेंहि काम हातीं घेतां केवळ वरचा कोरडेपणा पाहून समाधान मानूं नये. एक रात्र थांबून आंतील ओल पाहावी; आणि ती पाहावयास जो शिकवितो, त्याच्या हातांत थापी असो वा पुस्तक, त्याचा मान राखावा.