साखळीवरील करार आणि त्याची परीक्षा

परीक्षा घेणें हा माझा वीस वर्षांचा व्यवसाय. परंतु क्षणार्धांत शंभर प्रश्नांचीं उत्तरें देणारा आणि कधींही न कंटाळणारा परीक्षार्थी मला गेल्या उन्हाळ्याच्या सुटींतच लाभला. तो म्हणजे संगणकावर लिहिलेला एक लहानसा करार.

'ब्लॉकचेन' हें नांव पालकांपैकीं पुष्कळांच्या कानांवर गेलें असेल. एकच हिशेबवही हजारों संगणकांवर जशीच्या तशी ठेवावयाची व प्रत्येक पानावर मागील पानाची खूण घालावयाची, म्हणजे जुनें पान कोणीं गुपचूप फिरविलें तर पुढील खुणा जुळत नाहींत. ही तिची मूळ कल्पना. २०१५ सालीं सुरू झालेल्या 'ईथेरियम' साखळीवर हिशेबासोबत नियमही लिहितां येतात. त्यांस 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. पैसे घेणें, देणें, रोखणें हें सर्व त्या नियमांप्रमाणें आपोआप होतें; मध्यें कारकून नाहीं. शिवाय एकदां साखळीवर चढलेला करार सहसा दुरुस्त करितां येत नाहीं. म्हणून परीक्षा आधींच घ्यावी लागते.

'हार्डहॅट' हें साधन आपल्याच संगणकावर एक लटकी साखळी उभी करितें आणि वीस खातीं, प्रत्येकांत दहा हजार ईथर भरून, पुढें ठेवितें. (ईथर हें तेथील नाणें. इतकी श्रीमंती शिक्षकाच्या वांट्याला अन्यत्र कोठें येणार!) मग लिहावयाचें: अमक्यानें दहा ठेविले, चार काढिले, शिल्लक सहा हवी. करारांत एक अक्षर बदललें तरी सारी प्रश्नपत्रिका पुन्हां आपोआप सोडविली जाते.

पण हे झाले सरळ माणसाचे प्रश्न. जून २०१६ मध्यें 'द डाओ' नामक सामायिक निधींतून सुमारें ३६ लाख ईथर निघून गेले. तो करार आधीं पैसे हातावर ठेवी व नंतर वहींत शिल्लक कमी करी. खजिनदारानें नोटा मोजून द्याव्या आणि मग चष्मा शोधीत वही उघडावी, तसें हें. घेणारा माणूस नव्हता, दुसरा करारच होता; पैसे पडतांच, नोंद होण्यापूर्वींच, तो पुन्हां हात पुढें करी. पुढील महिन्यांत बहुसंख्यांनीं तो व्यवहार फिरवून पैसे परत मिळवून दिले; ज्यांस हें पटलें नाहीं त्यांनीं जुनी वही 'ईथेरियम क्लासिक' या नांवानें चालू ठेविली.

इयत्ता नववींतील कांहीं मुलांसह मीं तोच दोष मुद्दाम ठेवून सहलीच्या वर्गणीचा करार रचला, आणि त्यास लुटणारा चोरही लिहिला. तिजोरी रिकामी झाली. मग दोन ओळींची अदलाबदल केली, आधीं नोंद, मागून पैसे. चोराची दुसरी मागणी फेटाळली गेली.

तेव्हां एका मुलीनें विचारिलें, "सर, जो चोर आपल्याला सुचलाच नाहीं, त्याचें काय?"

त्यासाठीं 'फाउंड्री' नांवाचें साधन आहे. त्यांत आपण प्रश्न लिहीत नाहीं. कधींही न मोडावा असा नियम सांगतों. उदाहरणार्थ, सर्वांच्या शिलकींची बेरीज तिजोरींतील रकमेहून अधिक होऊं नये. मग तें स्वतःच वाटेल ते आंकडे घेऊन, मुद्दाम न सांगतां २५६ वेळां, तो नियम मोडूं पाहतें.

तिचें पूर्ण समाधान झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें आपले दोन चोर लिहून आणिले. त्यांतील एक शून्य ईथर मागतो. तोही आम्हीं परीक्षेंत घातला.