काळ्या मातीतला गुलाब

ऑक्टोबर सरता सरता भोपाळच्या आसपास खतांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. गहू-हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली, त्यात डीएपी खताची ओढाताण. गुलाबाची छाटणीही नेमकी तेव्हाच उरकलेली असते, म्हणून मिसरोदच्या कॉलन्यांतली आमच्यासारखी हौशी मंडळी त्याच गल्ल्यावर अर्धा किलो काहीबाही मागायला जाते. शेतकऱ्यांच्या मध्ये उभं राहून गुलाबाचं नाव घ्यायला जरा संकोचच वाटतो. दुकानदार मात्र निर्विकार. ‘डीएपी डाल दीजिए, सब उसी में है.’

सगळं कुठलं? 18 टक्के नत्र, 46 टक्के स्फुरद, पालाश शून्य. आणि स्फुरद तरी रोपाच्या वाट्याला किती येणार? ही माळव्याच्या पठाराची काळी माती. कॉलन्या उठल्या त्या शेतांवरच. उन्हाळ्यात हिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात फुगून मुळांचा श्वास कोंडते. अंगात चुना, स्वभाव अल्कधर्मी. घातलेलं स्फुरद त्या चुन्याशी बांधलं जातं आणि मुळांना सहजी लाभत नाही. लोहाचंही तेच. मातीत असतं, पण विरघळत नाही.

गुलाब ते लगेच सांगतो. शेंड्याचं कोवळं पान उन्हात धरून पाहावं. पातं लिंबासारखं पिवळं, आणि त्यात शिरांची हिरवी जाळी, अगदी कडेपर्यंत स्पष्ट. बुडाची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी, पण शेंडा असा जाळीदार झाला की लोहाची तक्रार समजावी. बहुतेक जण इथेच घाबरून मूठभर युरिया टाकतात. मग लुसलुशीत फूट येते, तिच्यावर मावा येतो, आणि कळ्या येत नाहीत.

डॉ. बी. पी. पाल मुळात गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. पण गुलाबाच्या नव्या जातीही त्यांनी हौसेने घडवल्या, आणि भारतातल्या गुलाबांवर त्यांचं इंग्रजी पुस्तक 1966 साली निघालं. रांगेतला माझा संकोच त्यांच्या आठवणीनं थोडा कमी होतो.

खत निवडण्याआधी माती तपासून घ्यावी, हे माझं ठाम मत. भारतीय मृदा विज्ञान संस्था याच शहरात, बैरसिया रोडवर आहे, तरी आपण सल्ला शेजाऱ्याचा घेतो! गुलाबाला सामू साडेसहाच्या आसपास मानवतो. आमच्याकडची माती त्याच्या बरीच वर. म्हणून वाफा उंच, चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर, वर निंबोळी पेंड. शेणखत कुजताना जी सौम्य आम्लं सुटतात, ती अडकलेलं स्फुरद आणि लोह थोडंफार मोकळं करतात. लोहासाठी हिराकस मातीत टाकलं तर ते लगेच निरुपयोगी होतं. पातळ द्रावण करून संध्याकाळी पानांवर फवारलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत नवी फूट हिरवी दिसते. बोनमील आम्लधर्मी मातीत गुणी, इथे नुसतं पडून राहतं.

जानेवारीत शासकीय गुलाब उद्यानात प्रदर्शन भरतं. तिथे ताटाएवढी फुलं पाहून प्रत्येक जण माळ्याला एकच विचारतो, ‘कौनसी खाद?’ मातीबद्दल कुणी विचारत नाही.

शेजारच्या काकूंनी परवा प्रेमानं डबाभर चुलीची राख आणून दिली. राख अल्कधर्मी, आमच्या वाफ्यात तिला जागा नाही. ती मी पितळेच्या भांड्यांसाठी ठेवली आहे.