टोपड्याचें माप

छापील अक्षर आमच्या घरांत येऊन चार पिढ्या लोटल्या. छापखाना घरांत आला तो मात्र अगदीं अलीकडे. पूर्वीं लग्नपत्रिका छापावयाच्या म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषास छापखान्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. कागद कोणता, आकार केवढा, हे प्रश्न तेथील अनुभवी मालक आपण होऊन विचारीत असे. आतां तो छापखाना पुस्तकांच्या कपाटाशेजारीं एका स्टुलावर बसलेला असतो. प्रश्न तोहि विचारतो. पण संगणकाच्या पडद्यावर एका चौकटींत त्यानें विचारलेलें कोणी वाचीत नाहीं, आणि उत्तर न मिळाल्यास तो आपल्या मनानें एक उत्तर गृहीत धरून कामास लागतो. पान वाजवीपेक्षां मोठें छापून येतें, कडेचीं अक्षरें कापलीं जातात, ही जी तक्रार हल्लीं घरोघर ऐकूं येते, तिचें मूळ बहुतेक वेळां या गृहीत धरण्यांत असतें.

मला या विषयांत डोकें घालावें लागलें तें एका टोपड्यामुळें. माझ्या मुलीला मुलगी झाली, आणि बारशाला नातीच्या डोक्यावर माझ्या आईच्या बेताचें टोपडें असावें असें मनांत आलें. आई जाऊन नऊ वर्षें झालीं. याच मुलीच्या जन्माच्या वेळीं तिनें एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनें टोपड्याचे दोन भाग आंखून ठेवले होते : कानावर येणारी बाजू, आणि घडीवर बेतावयाची मधली पट्टी. पुढें आमच्या घरांतील सात मुलांचीं टोपडीं त्याच कागदावरून शिवलीं गेलीं. तो कागद सांगलीस माझ्या धाकट्या बहिणीपाशीं असतो. घड्यांवर तो इतका विरला आहे कीं, टपालानें पाठविण्याचें नांव काढतांच ती म्हणाली, "ताई, तूं ये आणि हवें तेवढें बघ, पण आईचा कागद या घराबाहेर जायचा नाहीं." कापडाची स्थितिहि तशीच नाजूक. आईच्या इरकली लुगड्याचा पदर कसरीनें खाऊन दीड वीत काय तो शाबूत राहिला होता. म्हणजे कात्री एकदांच चालणार होती.

बहिणीनें कागद स्कॅनरच्या कांचेवर ठेवला, आणि शाळेंत तीस वर्षें भूमिति शिकविल्याची संवय म्हणून शेजारीं कंपासपेटींतील १५ सेंटिमीटरांची पट्टीहि ठेवून दिली. तें चित्र ई-मेलनें आमच्याकडे आलें. माझ्या पुतण्यानें तें छापावयास लावलें, आणि कागद बाहेर आला त्यावर टोपडें नव्हतेंच. एक जाड काळी वांकडी रेघ, आणि तिच्याखालीं बोटाएवढ्या अक्षरांत आईच्या हातचा एकच शब्द : "सोडून". मूळांत तेथें "शिवण सोडून" असें बारीक अक्षरांत लिहिलेलें आहे. पुतण्या म्हणाला, "काकू, प्रिंटर बिघडला." मीहि क्षणभर त्या शब्दाकडे पाहतच राहिलें, त्याचें कारण मात्र निराळें होतें.

प्रिंटर बिघडला नव्हता. गोष्ट अशी आहे कीं, चित्राला स्वतःची अशी लांबीरुंदी नसते. स्कॅनर कागद पाहतो तो ठिपक्याठिपक्यांनीं. ए-फोर आकाराचा कागद इंचाला ३०० ठिपके या हिशेबानें टिपला, तर आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके होतात. इंचांत ३०० बसवावयाचे, ही नोंद चित्राबरोबर एका कोपऱ्यांत लिहिलेली असते. हा हातांतून त्या हातांत जातांना ती नोंद गळून पडली, कीं पलीकडचा प्रोग्रॅम आपल्या मनचा आंकडा धरतो, आणि तो पुष्कळदां ९६ किंवा ७२ असतो. २४८० ठिपके ३०० च्या हिशेबानें सव्वाआठ इंचांत मावतात. ९६ च्या हिशेबानें त्यांस जवळजवळ २६ इंच लागतात. माझ्या विणकाम करणाऱ्या भगिनींना हें चटकन् पटेल. शंभर टांके घाला एवढेंच सांगितलें, आणि सुई कोणती, इंचांत किती टांके बसवावयाचे तें सांगितलें नाहीं, तर एकीचा पायमोजा दुसरीची पिशवी होते. टांके दोघींचेहि शंभरच!

पुतण्यानें तो ३०० चा आंकडा परत घातला आणि संपूर्ण बेत एका पानावर आला. सर्वांचें समाधान झालें. "आतां बेता," असा हुकूमहि सुटला. मीं चित्रांतील पट्टीवर घरची पट्टी ठेवून पाहिली. छापलेले १५ सेंटिमीटर खऱ्या पट्टीवर १५.४ भरले.

कोणी म्हणेल, चार मिलिमीटरांचें एवढें काय? नुकत्या जन्मलेल्या मुलाच्या डोक्याचा घेर सुमारें ३५ सेंटिमीटर असतो. याच प्रमाणानें तो ३६ चा धरल्यासारखें होतें, आणि एका सेंटिमीटरानें सैल झालेलें टोपडें तान्ह्या मुलाच्या भुवयांवर उतरतें. तिप्पट झालेलें पान कोणाला फसवीत नाहीं. तें हातीं येतांच हंसूं येतें. हें दुसरें पान मात्र दिसावयास सालस होतें, आणि त्यावरून कापलेलें कापड परत जुळणार नव्हतें. तें पान पाहून मला खरी भीति वाटली.

त्याचेंहि कारण सांपडलें. दोहाळजेवणाचीं छायाचित्रें छापतांना पुतण्यानें "बॉर्डरलेस", म्हणजे कडा न सोडतां छापण्याची योजना निवडली होती, आणि ती तशीच राहिली होती. यंत्राच्या रुळांतून जातांना कागद केसभर इकडेतिकडे सरकतो. चित्र कागदाएवढेंच ठेवलें, तर एखाद्या कडेला पांढरी चीर राहील. म्हणून यंत्र चित्रच थोडें फुगवितें आणि वाढलेला भाग कडेबाहेर सोडून देतें. छायाचित्रांत हें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. याच्या उलट "फिट टू पेज" म्हणून जी सोय असते, ती कडेच्या न छापतां येणाऱ्या जागेंतून वांचण्यासाठीं साधारणपणें पान किंचित् आकसून घेते. दोन्हीं सोयी सद्हेतूनेंच केलेल्या आहेत. पण बेतावयाच्या कागदाला दोन्हीं सारख्याच घातक.

कागदाच्या मापाचा घोटाळा तर याहून सार्वत्रिक आहे. अमेरिकेंत घरगुती कागद साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच लांब असतो. त्यास "लेटर" म्हणतात. आपल्याकडे ए-फोर, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ लांब. लेटर सुमारें सहा मिलिमीटरांनीं रुंद, व साडेसतरा मिलिमीटरांनीं आंखूड. पुष्कळ प्रोग्रॅम "लेटर" धरूनच घरांत येतात, मग उजवीकडचीं अक्षरें कांठाबाहेर गेलीं तर नवल नाहीं. ए-फोरचें माप ओबडधोबड दिसलें तरी त्यामागें मोठी सुंदर युक्ति आहे. कागद मधोमध दुमडला तरी लांबीरुंदीचें प्रमाण तेंच राहावें, ही कल्पना लिख्टेनबर्ग या जर्मन पंडितानें १७८६ सालीं एका पत्रांत मांडली होती. १९२२ सालीं जर्मनीनें तीवरून मापें ठरविलीं, आणि १९७५ मध्यें तीं आंतरराष्ट्रीय प्रमाण झालीं. मूळ ए-झीरो कागद बरोबर एक चौरस मीटर; चार वेळां दुमडला कीं ए-फोर. झेरॉक्सच्या दुकानांतील यंत्रावर १४१ टक्के हा चमत्कारिक आंकडा दिसतो, तो एका मापावरून त्याच्या वरच्या मापावर जाण्याचा. अमेरिकेनें हें मान्य केलें नाहीं, आणि त्याचा जाच पुण्याच्या गृहिणींना व्हावा, हा न्याय मला कांहीं समजत नाहीं. असो.

आम्हीं शेवटीं केलें तें इतकेंच : कागद ए-फोर सांगितला, बॉर्डरलेस काढून टाकलें, आणि आकाराच्या जागीं "ॲक्चुअल साइझ", म्हणजे १०० टक्के, निवडलें. हीं मापें दोन ठिकाणीं विचारलीं जातात, एकदां प्रोग्रॅमच्या चौकटींत आणि एकदां प्रिंटरच्या स्वतःच्या चौकटींत. दोहोंकडे पाहावें लागतें. दोन्हींकडे ११० असेल तर पान १२१ टक्के होऊन बाहेर येतें. तिसऱ्या खेपेस चित्रांतील पट्टी घरच्या पट्टीशीं रेघेला रेघ जुळली. तरीहि मीं आधीं जुन्या धोतराचें एक टोपडें शिवून पाहिलें, आणि मगच लुगड्याच्या तुकड्याला कात्री लावली. बारशाला तें बरोबर बसलें. नात मात्र बंद बांधूं देईना.

पहिलें फसलेलें पान पुतण्या रद्दींत टाकीत होता, तें मीं ठेवून घेतलें. तें तिप्पट मोठें असल्यामुळें पेन्सिलीचा एकेक कण त्यावर दिसतो. एके दिवशीं उजेडांत धरलें तों त्या जाड रेघेच्या बाहेरच्या बाजूस दुसरी एक फिकी रेघ दिसली. खोडलेली, पण पुसली न गेलेली. आईनेंहि माप आधीं मोठें काढलें होतें, आणि मग दोरभर आंत घेतलें होतें. मीं लागलीच सांगलीस फोन केला. बहिणीनें भिंग घेऊन मूळ कागद खिडकीशीं नेला, आणि बराच वेळ ती कांहीं बोललीच नाहीं. मग म्हणाली, "आहे, ताई. आहे तेथें."