दारावरचा राखणदार

सकाळच्या चहानंतर 'प्रेशरची गोळी' घेणारे एक तरी माणूस आज अनेक घरांत सापडते. पण ही एवढीशी गोळी शरीरात जाऊन नेमके काय करते, असे विचारले तर कोणी म्हणते, "रक्त पातळ करते", तर कोणी म्हणते, "डोके शांत ठेवते". दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, जमाखर्चात रमणारा. पण बाबांच्या 'अम्लोडिपिन'च्या पाकिटामुळे मला या विषयात डोकवावे लागले.

रोहिणी म्हणजे नुसती रबरी नळी नव्हे. (मराठी पुस्तकातली 'रोहिणी' माझ्या कन्नड मित्राच्या पुस्तकात 'अपधमनी' होते, रक्त मात्र दोहोंतून एकच वाहते!) तिच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंच्या पेशी कड्यासारख्या वेढलेल्या असतात. त्या आवळल्या की नळी अरुंद होते, सैलावल्या की रुंद. आवळण्याचा हुकूम देतो तो कॅल्शियम. पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर मुक्त कॅल्शियम सुमारे १०,००० पट असते. जणू जत्रेची गर्दी दाराशी थोपलेली! पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म दारे असतात. आवरणाच्या दोन बाजूंमधला विजेच्या दाबाचा फरक कमी झाला की ती उघडतात, कॅल्शियम आत घुसते आणि स्नायू आवळतो.

कॅल्शियमचे हे माहात्म्य कळले ते नळाच्या पाण्यामुळे. लंडनचे डॉ. सिडनी रिंगर बेडकाचे हृदय क्षारांच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत असत. ते द्रावण शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवले गेल्याचे त्यांना मागाहून समजले. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावून थांबू लागले! नळाच्या पाण्यातले कॅल्शियमच हृदय चालवीत होते, हे त्यांनी १८८३ साली दाखवून दिले. सलाईनच्या काही बाटल्यांवर त्यांचे नाव आजही वाचायला मिळते.

पुढे १९६० नंतरच्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्ब्रेख्त फ्लेकेनस्टाइन यांना असे आढळले की, 'व्हेरापामिल'सारखी काही औषधे स्नायूला कॅल्शियम मिळू देत नाहीत. त्याच वाटेवरचे 'निफेडिपिन' १९७५ साली बाजारात आले आणि नंतर त्याचे भावंड अम्लोडिपिन. ही औषधे दाराच्या प्रथिनालाच चिकटतात. दार कायमचे बंद होत नाही, पण वारंवार उघडतही नाही. 'मिनॉक्सिडिल'ची युक्ती निराळी. ते पोटॅशियमचे दार उघडते. पोटॅशियम बाहेर पडल्याने विजेच्या दाबाचा फरक वाढतो आणि कॅल्शियमचे दार आपोआप मिटलेले राहते. या औषधाने रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून ते पुढे टक्कल असणाऱ्यांच्या उपयोगी पडले!

नळी जराशी रुंदावल्याने असा काय फरक पडतो? फ्रेंच वैद्य प्वाझय यांच्या नियमानुसार, दाब तोच असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. म्हणजे त्रिज्या १० टक्के वाढली तर प्रवाह सुमारे ४६ टक्के वाढेल. एवढा नफा आमच्या कोणत्याही पुस्तकात नाही!

आता बाबांविषयी. त्यांचे शहापुरात कापडाचे लहानसे दुकान आहे. मशीनवर १३०/८० आकडा आला की, "बरं हाय की आता, उगीच कशाला गोळी?" म्हणून ते ती बंद करीत. अम्लोडिपिन शरीरातून सावकाश जाते. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस काहीच बिघडत नसे आणि बाबांना आपलेच खरे वाटे. मग आकडा पुन्हा १७० वर! त्यांची दुसरी तक्रार मात्र खरी होती. संध्याकाळी घोटे सुजत. अम्लोडिपिन रोहिणीच्या बारीक शाखांना जितके सैल करते तितके शिरांना करीत नाही. येणारी वाट रुंद, जाणारी तेवढीच. म्हणून पाणी झिरपून घोट्यांभोवती साठते. यावर उपाय गोळी सोडणे हा नव्हे, डॉक्टरांना सांगणे हा आहे. आमच्या डॉक्टरांनी मात्रा निम्मी करून जोडीला दुसरी गोळी दिली. सूज ओसरली.

तरीही बाबांना पटवले ते विज्ञानाने नव्हे, त्यांच्याच धंद्याने. मी विचारले, "बाबा, वर्षभर चोरी झाली नाही म्हणून तुम्ही बाजारातला रात्रीचा राखणदार काढून टाकाल का?" ते म्हणाले, "अरे, तो हाय म्हणूनच चोरी होत नाही!"

वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, आणि तोच त्याचा कावा आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या दारावरचा राखणदार रोज नव्याने नेमावा लागतो. ज्यांच्या घरी असे पाकीट आहे, त्यांनी आजच त्यातल्या उरलेल्या गोळ्या मोजून पाहाव्यात. हिशेब जुळला पाहिजे!