आधी लॉगबुक वाच

उरणहून जेएनपीटीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत क्लिअरिंग-फॉरवर्डिंगची बरीच छोटी ऑफिसं आहेत. त्यातल्याच एका दोन खोल्यांच्या ऑफिसात मी काम करतो. ऑफिस माझ्या चाचांचं. त्यांनी पंचवीस वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढली. कोकण किनाऱ्यावरच्या आम्हा मुसलमानांच्या घरांत एखादा तरी माणूस दर्यावर गेलेला असतोच, तसे ते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा धंदा सुरू केला. आता ऑफिसात आम्ही चौघं आहोत, तीन कॉम्प्युटर आहेत आणि चाचांची एक लांबट लाल वही आहे.

आमच्या कामात पूर्वी कागद फार असत. आता कागद कमी झाले आणि मेल वाढले. एका कंटेनरमागे शिपिंग लाइनचा मेल, निर्यातदाराचा मेल, ट्रान्सपोर्टवाल्याचा मेल, फ्युमिगेशनवाल्याचा मेल. हंगामात दिवसाला दोन-अडीचशे मेल सहज होतात. प्रत्येक कामाला आमच्याकडे एक जॉब नंबर असतो आणि कुठला मेल कुठल्या जॉबचा हे लावत बसण्यातच निम्मा दिवस जातो. यावर उपाय म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एक ॲड-इन घेतलं. आउटलुकमध्ये वर एक बटण येतं. मेलवर जाऊन ते दाबलं की मेल आपोआप त्या जॉबच्या फायलीत जाऊन बसतो. तेव्हा मी चाचांना मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "आता तुमची वही कपाटात ठेवा." ते काही बोलले नाहीत. वहीही कपाटात गेली नाही.

मागच्या आंब्याच्या हंगामात माझा कॉम्प्युटर बसला. नवा आणला. ऑफिसचा मेल सुरू झाला आणि पेन ड्राइव्हमध्ये जपून ठेवलेली ॲड-इनची सेटअप फाइल मी चालवली. हिरवी पट्टी शेवटापर्यंत गेली, क्षणभर थांबली आणि सरसर मागे आली. पडद्यावर एक चौकोन उमटला, इन्स्टॉलेशन अयशस्वी, १६०३. बाकी काही नाही.

मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. परत चालवली. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि परत चालवली. मग ॲडमिन म्हणून चालवली. चार वेळा तेच. दुपारचे बारा वाजत आले होते आणि न लावलेले मेल साचत चालले होते. ज्या कंपनीकडून ॲड-इन घेतलं होतं तिच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता, पण घाईत होता. "सर, अँटिव्हायरस पूर्ण बंद करा, फायरवॉल बंद करा, मग टाका. होऊन जाईल."

मी माऊस तिकडे नेलाही होता. फोन स्पीकरवर होता आणि चाचा समोरच्या टेबलावर बसलेले. आम्ही आपसात आमच्या कोकणीत बोलतो, इथे मराठीत लिहितो आहे. त्यांनी विचारलं, "काय बंद करायला सांगतोय तो?"

"अँटिव्हायरस. पाच मिनिटांसाठी."

"आणि कशामुळे बिघडलंय ते सांगितलं त्यानं?"

"नाही."

"मग बंद कशाला करतोस? बासी ईद विसरलास काय?"

मी विसरलो नव्हतो. २०१७ साली ईद सोमवारी, २६ जूनला होती. दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, घरात शिरखुर्म्याची भांडीही उतरली नव्हती आणि युरोपातून बातम्या येऊ लागल्या की मर्स्क या जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर कंपन्यांपैकी एकीचे कॉम्प्युटर एकामागून एक काळे पडत आहेत. त्याच समूहाची एपीएम टर्मिनल्स आमच्या बंदरातलं जीटीआय टर्मिनल चालवते. बुधवार उजाडेपर्यंत तो हल्ला इथे, रायगडच्या किनाऱ्यावर पोचला होता. टर्मिनलमध्ये कंटेनर होते, क्रेन होत्या, माणसं होती. पण कुठला कंटेनर कुणाचा हे सांगणारी यंत्रणाच बंद पडली होती. हाताने, कागदावर काम करायची वेळ आली. काही जहाजं दुसऱ्या टर्मिनलकडे वळवावी लागली. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसातली माणसं पावसात उभी राहून फोनवर एकच प्रश्न विचारत होती, "आपला माल कुठे आहे?"

त्या हल्ल्याला पुढे नॉटपेट्या हे नाव मिळालं. तो कसा शिरला हे समजलं तेव्हा मला खरा धक्का बसला. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी धंदेवाईक लोक एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्ये शिरून तिथूनच विष सोडलं. म्हणजे कुणी संशयास्पद मेल उघडला नव्हता की चोरीचा प्रोग्रॅम टाकला नव्हता. रोजच्या कामाचं, ओळखीचं, ऑफिसला लागणारं सॉफ्टवेअर, त्याचंच अपडेट. तिथून ते जगभर पसरलं आणि आमच्या दारापर्यंत आलं. मर्स्कला सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, तेही दहा दिवसांत. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

या हकिगतीतला एक भाग चाचांना फार आवडतो. कंपनीच्या सगळ्या नेटवर्कची ओळखयादी सांभाळणारे जवळजवळ दीडशे सर्व्हर जगभर होते. ते एकमेकांची नक्कल ठेवत, म्हणून सगळे एकदमच पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेत घाना देशातला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. महावितरणच्या नावाने रोज बोटं मोडणाऱ्या आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना ही गोष्ट सांगितली की सगळे हसतात.

तर मी माऊस मागे घेतला. मदत केंद्रातला मुलगा अगदीच चुकीचं सांगत होता असं नाही. अँटिव्हायरस कधीकधी चांगल्या सेटअपलाही अडवतो. पण त्याने अडवलं असेल तर तशी नोंद त्याच्याकडे असते, ती आधी पाहावी. मी पाहिली. तशी काही नोंद नव्हती. म्हणजे पहारेकऱ्याचा काही दोष नव्हता आणि आम्ही त्यालाच घरी पाठवायला निघालो होतो.

चाचा म्हणाले, "इंजिन बंद पडलं की आम्ही आधी लॉगबुक वाचायचो. चार-चार तासांच्या पाळीची नोंद. तेलाचा दाब किती, पाण्याचं तापमान किती. शेवटची बरी नोंद कुठली आणि पहिली वाईट कुठली, त्या दोघांच्या मध्ये दोष असतो. तुझ्या मशीनला लॉगबुक नाही काय?"

मला लाज वाटली. होतं ना! विंडोजवर सेटअप चालवताना सविस्तर नोंद ठेवायला सांगता येतं आणि त्या फाइलला लॉगच म्हणतात. हा शब्दही जहाजावरूनच आलेला. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून समुद्रात टाकत. लाकडाच्या ओंडक्याला इंग्रजीत लॉग म्हणतात. त्या मोजणीची वही ती लॉगबुक. दोरीच्या गाठींवरून वेगाला नॉट हे माप मिळालं आणि वहीवरून कॉम्प्युटरला लॉग. पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर काम करून मी ही वही क्वचितच उघडली होती.

जोहरची नमाज आटोपून आलो आणि सेटअप पाचव्यांदा चालवला, पण या वेळी नोंद ठेवून. काही हजार ओळींची फाइल तयार झाली. ती सगळी वाचायची नसते. १६०३ हा आकडा म्हणजे 'काहीतरी बिघडलं' एवढंच, त्यातून काही कळत नाही. लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे शब्द शोधायचे. एखादी पायरी फसली की तिथे ते उमटतात आणि खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या थोडं वरच्या ओळींत असतं. मी शोधलं, वर सरकलो. साध्या इंग्रजीत लिहिलं होतं की हा सेटअप ३२ बिट ऑफिससाठी आहे आणि या कॉम्प्युटरवर ६४ बिट ऑफिस सापडलं.

सकाळपासून मशीन हेच सांगत होतं. मीच ऐकत नव्हतो.

चाचांना समजावून सांगितलं. ॲड-इन हा वेगळा चालणारा प्रोग्रॅम नसतो, तो आउटलुकच्या पोटात बसून चालतो. म्हणून दोघांचं माप एक लागतं. जुन्या कॉम्प्युटरवर ३२ बिटचं ऑफिस होतं. अलीकडे ऑफिस टाकताना वेगळं काही निवडलं नाही तर ६४ बिटचंच येतं. विंडोज किती बिटचं आहे याचा इथे उपयोग नाही, ऑफिस किती बिटचं आहे ते पाहायचं. आउटलुकच्या फाइल मेनूतल्या ऑफिस अकाउंटमध्ये 'अबाउट'वर दाबलं की ते दिसतं. चाचा म्हणाले, "म्हणजे नट बरोबर, पाना दुसऱ्या मापाचा." अगदी तेच. आणि तो पाना मीच पेन ड्राइव्हमध्ये जपून ठेवला होता.

कंपनीच्या साइटवरून ६४ बिटची फाइल उतरवत होतो तेवढ्यात चाचांनी वहीतून डोकं वर काढलं. "मुरूडच्या आंब्याच्या ड्राफ्टचं काय झालं?"

पावणेचार वाजले होते. मुरूडच्या एका ओळखीच्या बागायतदाराचा आंबा दुबईला निघाला होता. शिपिंग लाइनकडून बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट येतो, तो तपासून पाचच्या आत मंजूर किंवा दुरुस्त करून पाठवायचा होता. ड्राफ्ट सकाळी अकरालाच आला होता. न लावलेल्या दीडशे मेलांच्या खाली दबला होता. उघडला तर माल घेणाऱ्या कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलेलं. तसंच गेलं असतं तर नंतरच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे आणि दुबईत माल सुटायला उशीर. रेफर कंटेनर झाला तरी आंबा किती दिवस थांबणार? त्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न त्या पेट्यांत होतं. चार वीसला दुरुस्ती पाठवली आणि मी खुर्चीत मागे टेकलो.

ॲड-इन घेतलं होतं मेल हरवू नयेत म्हणून. आणि ते ॲड-इन बसवण्याच्या नादात मीच दिवसातला सर्वांत महत्त्वाचा मेल हरवून बसलो होतो. आठवण कुणाला होती? लाल वहीला. त्यात जॉब नंबर, गिऱ्हाईक आणि शेवटची वेळ एवढंच लिहिलेलं असतं. वीज लागत नाही, बिट लागत नाहीत.

नवी फाइल पहिल्याच फटक्यात बसली. बटण आलं. पण दोन दिवसांनी सकाळी पाहतो तर बटण गायब! या वेळी मी परत सेटअप चालवला नाही, हीच माझी प्रगती. आउटलुकच्या पर्यायांत ॲड-इनची यादी असते, तिथे पाहिलं. आमचं ॲड-इन बंद केलेल्यांत गेलं होतं. आउटलुक उघडताना कुठलं ॲड-इन किती वेळ खातं याची नोंद आउटलुक ठेवतं. पाच वेळांच्या नोंदींतली मधली वेळ एका सेकंदाच्या वर गेली की ते त्याला स्वतःहून बंद करतं. रजिस्ट्रीत त्या ॲड-इनच्या नावापुढे 'लोड बिहेव्हियर' असतं. ३ असेल तर ते आउटलुकबरोबर सुरू होतं, २ झालं तर नाही. आमचं २ झालं होतं. चूक आउटलुकची नव्हती. आमचं ॲड-इन उघडताना दरवेळी नेटवर्कवरच्या जुन्या, बंद पडलेल्या फोल्डरला शोधत बसायचं. तो पत्ता काढून टाकला, यादीतून ॲड-इन पुन्हा चालू केलं आणि तेव्हापासून ते व्यवस्थित चालतं आहे.

तुमच्याकडे असं काही झालं तर एक गोष्ट आधी पाहा. आउटलुकच्या वरच्या कोपऱ्यात 'न्यू आउटलुक'चा खटका चालू तर नाही ना? त्या नव्या आउटलुकमध्ये जुन्या पद्धतीची, म्हणजे कॉम जातीची ॲड-इन चालतच नाहीत. तिथे सेटअप कितीही वेळा टाका, बटण दिसणार नाही.

आता पेन ड्राइव्हमधल्या त्या फोल्डरात मी एक साधी फाइल ठेवली आहे. कुठल्या तारखेला काय टाकलं, किती बिटचं, काय फसलं आणि कशाने सुटलं, हे सगळं मराठीत लिहितो. मी रजेवर असलो तर दुसऱ्या कुणाला माझ्यासारखा अर्धा दिवस घालवायला नको. चाचांना दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "वेळ पण लिहीत जा. नुसत्या तारखेने काही कळत नाही."

तेव्हापासून वेळही लिहितो. आणि लाल वही अजून टेबलावरच आहे.